सांडव्याची उंची

गोंदिया जिल्ह्यातल्या कुठल्याही मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावाचा सांडवा पाहावा. तलाव भरत असतो तोवर तो कोरडा, निरुद्योगी पडून असतो. पाणी ठरावीक रेघेला टेकले की वाहू लागतो, रेघेखाली गेले की थांबतो. त्याला कोणी सांगायला जात नाही आणि तोही कोणाला विचारत नाही. ‘पाणी इतके चढले तर जास्तीचे सोडून दे’ हे एक पूर्ण वाक्य दगडामातीत बांधून ठेवलेले असते आणि पिढ्यान्‌पिढ्या ते मुकाट्याने पाळले जाते. सांडवा विचार करतो असे गावात कोणी म्हणत नाही. त्याची उंची मात्र कोणीतरी ठरवलेली आहे, हे सगळ्यांना पक्के ठाऊक असते. कारण हातभर उंची वाढली की वरच्या अंगाच्या बांध्या बुडतात, आणि हातभर घटली की खालच्या अंगाचा धान पाण्यावाचून करपतो. नवेगाव बांधचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला असे सांगतात. तलावाभोवतीच्या सात डोंगरांना सातबहिणी म्हणतात, आणि त्यांतल्या एका शिखरावर या कोलू पाटलाचेच ठाणे आहे. लोकांनी त्याला कोलासुर देव केले. नद्यांची आरती करणाऱ्या या देशात इथे देवपण मिळाले ते पाणी कुठवर अडवायचे हे ठरवणाऱ्या माणसाला. मला हा भेद फार शहाणपणाचा वाटतो, आणि सध्या तो एका अगदी वेगळ्या ठिकाणी पुसट होऊ लागला आहे म्हणून त्याची आठवण काढायची.

ते ठिकाण म्हणजे रेणूंकडून गणित करवून घेण्याची विद्या. १९९४ साली लेनर्ड ॲडलमन या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने परीक्षानळीत एक कोडे सोडवले. सात शहरे आणि त्यांच्यामधले चौदा एकेरी रस्ते. एका ठरलेल्या शहरातून निघायचे, प्रत्येक शहराला एकदाच शिवायचे आणि दुसऱ्या ठरलेल्या शहरी पोचायचे. त्याने प्रत्येक शहराला डीएनएचा वीस अक्षरांचा एक तुकडा नेमून दिला. रस्त्याचा तुकडा असा रचला की त्याची निम्मी अक्षरे सुटण्याच्या शहराच्या उत्तरार्धातली आणि निम्मी पोचण्याच्या शहराच्या पूर्वार्धातली. डीएनएची अक्षरे चारच आणि त्यांच्या जोड्या ठरलेल्या: ए ला टी, सी ला जी. रस्त्यांचे तुकडे आणि शहरांच्या तुकड्यांचे जोडीदार अफाट संख्येने एकत्र कालवले की जुळणारी टोके आपोआप सांधली जातात आणि पाहता पाहता असंख्य प्रवास तयार होतात, बरोबरचे आणि भलतेही. मग कमी-जास्त लांबीचे, एखादे शहर गाळणारे प्रवास काढून टाकत जायचे. शेवटी नळीत उरते ते उत्तर. या गाळणीला सात दिवस लागले, आणि तेच कोडे शाळकरी मुलाने कागदावर थोड्या वेळात सोडवले असते. पण मुद्दा वेगाचा नव्हताच. कोणी हिशेब करणारा आत न बसता हिशेब होऊ शकतो, हे दिसले. दहा वर्षांनी, २००४ साली, इस्राएलच्या वाइझमन संस्थेत एहूद शपिरो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हीच कल्पना रोगाकडे वळवली. अमुक दोन जनुकांचे संदेश घटलेले आणि तमुक दोन जनुकांचे वाढलेले आढळले तर प्रोस्टेटच्या कर्करोगाची खूण समजून औषधाचा तुकडा सोडायचा, एरवी दाबून धरायचा, असे रेणूंचे यंत्र त्यांनी नळीत चालवून दाखवले. २०१२ साली हार्वर्डमध्ये डीएनएच्या घड्या घालून एक अतिसूक्ष्म पिंप बनवले गेले. त्याला दोन कुलुपे. दोन्हींच्या किल्ल्या समोरच्या पेशीच्या अंगावर सापडल्या तरच ते उघडते आणि आतला माल त्या पेशीच्या हवाली करते.

या विषयावर लिहिणारे लोक रेणू ‘ओळखतो’, ‘ठरवतो’, ‘निर्णय घेतो’ अशी क्रियापदे सर्रास वापरतात. बोलण्याची सोय म्हणून ती चालतील. आपण घड्याळ ‘मागे पडले’ म्हणतोच. पण औषध देणे हा निर्णय आहे, आणि निर्णय कोणाचा हा धर्माइतकाच जुना प्रश्न आहे. तेव्हा इथे जरा थांबले पाहिजे. कोणी म्हणेल, रेणूंचे गणित हेच मुळात रूपक आहे. नदीही उताराचा सर्वांत सोपा रस्ता ‘शोधते’, मग नदीलाही गणिती म्हणायचे का? माझ्या मते दोघांत एक सरळ फरक आहे. नदीला चुकता येत नाही. ती जिथून जाते तीच तिची वाट. ॲडलमनच्या नळीतला एखादा प्रवास मात्र चुकीचा ठरतो, कारण नळीबाहेर कोणीतरी एक प्रश्न मांडलेला आहे आणि त्या प्रश्नाच्या मापाने तो प्रवास चूक आहे. नुसते घडणे म्हणजे गणित नव्हे. घडण्याला कोणाचा तरी प्रश्न जोडला गेला की त्याचे गणित होते. रेणूतले गणित खरे आहे असे म्हणायचे असेल तर प्रश्न मांडणाराही खरा आहे हे त्याच वाक्यात कबूल करावे लागते. तो नळीत दिसत नाही एवढेच.

गोंदियात हा प्रश्न कोरडा राहत नाही, कारण इथे एक ‘जर-तर’ माणसांच्या रक्तातच वाहते आहे. सिकलसेल हा आजार हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत होतो. ही साखळी १४६ दुव्यांची. तिच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असायचे तिथे व्हॅलीन येते, कारण जनुकात जीएजी ऐवजी जीटीजी लिहिलेले असते. फरक एका अक्षराचा. आई आणि वडील दोघांकडून असे अक्षर आले की मूल आजारी. एकाकडूनच आले तर ते वाहक, आणि वाहकाला बहुधा आयुष्यभर पत्ताही लागत नाही. दोन्ही पालक वाहक असले तर दर गर्भारपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक. हे बदललेले हिमोग्लोबिन एरवी नीट काम करते. त्याने प्राणवायू सोडला, आणि त्यातच अंगात पाणी कमी असले, ताप असला, की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून दोरे वळले जातात आणि गोल, लवचीक तांबडी पेशी इळ्यासारखी वाकडी नि ताठ होते. अशा पेशी बारीक नळ्यांत अडकतात, आणि मग हाडांत, पोटात, छातीत ती वेदना उठते जिचे वर्णन करताना रुग्णांना शब्द अपुरे पडतात. म्हणजे हा आजारही सांडव्यासारखाच आहे: प्राणवायू एका रेघेखाली गेला तर वाकायचे. कोणीही न ठरवलेली ही अट आहे, आणि माणसांना तेच सहन होत नाही. ज्या दुःखामागे ठरवणारा नाही त्यामागे ठरवणारा उभा करणे ही मनाची फार जुनी खोड आहे.

ही खोड आपल्याकडे चित्रगुप्ताच्या वहीत उतरली. मुलाचे सांधे सुजले, ते सारखे पिवळे पडू लागले, शाळेतून उचलून आणावे लागले, की ‘मागल्या जन्मीचे भोग’ हा शब्द कोणाच्या तरी तोंडून येतोच. आणि मागला जन्म हाताशी नसल्यामुळे दोष या जन्मातल्या सर्वांत जवळच्या बाईवर, म्हणजे आईवर, येऊन थांबतो. हिशेब आईबाप दोघांचा असतो, आणि वही बहुतेक वेळा एकीच्याच नावाने उघडली जाते. या वहीवर विदर्भाच्या मातीतच एक मोठा वार झाला आहे. व्हर्नन इन्ग्रॅम याने केंब्रिजमध्ये सिकलच्या हिमोग्लोबिनमधला नेमका रासायनिक फरक कुठल्या तुकड्यात आहे हे दाखवणारा लेख ‘नेचर’च्या १३ ऑक्टोबर १९५६ च्या अंकात छापला. दुसऱ्या दिवशी, १४ ऑक्टोबरला, नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तारखांच्या योगायोगातून अर्थ काढणे म्हणजे पुन्हा चित्रगुप्तालाच बोलावणे. संबंध आहे तो विचाराचा. १९५७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत तपासताना आनुवंशिकतेचाच दाखला घेतला आहे. मूल आईबापांकडून गुण घेते असे विज्ञान सांगते. मग आईबापांकडून फक्त देह येतो आणि मुलाचे नशीब मात्र मुलाच्याच आधीच्या जन्मातून येते, हे म्हणणे कशावर टिकते, असा त्यांचा प्रश्न. आणि त्याहून बोचरा त्यांचा निष्कर्ष: हा सिद्धांत दीनदुबळ्यांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याच्या आणि समाजाच्या अंगावरून झटकण्याच्या कामी येतो. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकल लक्षणाची नोंद केली. हे लक्षण गोंड, परधान, माडिया यांच्यात आहे, तसेच दीक्षाभूमीवर गेलेल्या समाजातही मोठ्या प्रमाणात आहे आणि इतर जातींतही कमी-अधिक आहे. ज्यांना कर्माची वही सर्वांत जास्त काळ वाचून दाखवली गेली, त्यांच्याच रक्तात हे अक्षर जास्त करून सापडावे, यावर अधिक काही बोलायला नको.

वही मिटली म्हणून खोड जाते असे नाही. नव्या भाषेत तिला नवे नाव मिळते, आणि ते नाव म्हणजे ‘चूक’. जनुकातली चूक, प्रतीतली चूक, आज्ञावलीतला दोष. रेणूंना संगणक म्हटले की हे शब्द पाठोपाठ येतात आणि ऐकायला अगदी निर्विकार वाटतात. पण चूक प्रश्नाच्या मापाने ठरते, हे आपण वर पाहिले. मग हे अक्षर चूक कोणत्या प्रश्नाच्या मापाने? १९५४ साली अँथनी ॲलिसन याने पूर्व आफ्रिकेत दाखवले की एकच सिकल अक्षर असलेल्या, म्हणजे वाहक, मुलांना हिवतापापासून संरक्षण मिळते. ज्या रानात हिवताप लहान मुले नेत होता तिथे वाहक जास्त जगले, त्यांची मुले जास्त झाली, आणि अक्षर टिकले. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव यांच्या जंगलपट्ट्यात हिवताप हा परका पाहुणा नव्हता. हिवतापाच्या प्रश्नाला हे अक्षर उत्तर आहे; प्राणवायूच्या प्रश्नाला तेच अक्षर घात आहे. एकाच घरात आजोबा त्यामुळे वाचलेले आणि नातू त्यामुळेच कण्हत असलेला असू शकतो. इथे निसर्गाची बाजू घ्यायची नाही; नातवाची वेदना पाहून ‘हेही एक उत्तरच’ म्हणणे क्रूरपणा होईल. सांगायचे इतकेच की नातवाची वेदना थांबवावी हे मूल्य आपले आहे. रेणूत ते कुठेही लिहिलेले नाही, आणि ‘चूक दुरुस्त केली’ असे म्हटल्याने ते रेणूत जाऊन बसत नाही.

उपचारांचा आजवरचा इतिहासही हेच दाखवतो. सिकलवरचा क्रिस्पर तंत्राचा पहिला उपचार २०२३ च्या अखेरीस ब्रिटनने आणि पाठोपाठ अमेरिकेने मंजूर केला. त्यात सुमारे वीस अक्षरांचा एक मार्गदर्शक आरएनए असतो. तो जिथे जुळेल तिथे प्रथिनाची कात्री डीएनए कापते. जुळले तर काप, नाही तर पुढे जा. हा रेणूंच्या गणिताचा सगळ्यात यशस्वी नमुना म्हणता येईल. गंमत अशी की हा उपचार ते ‘चुकीचे’ अक्षर दुरुस्त करतच नाही! ते जसेच्या तसे राहू देऊन तो दुसऱ्याच ठिकाणी कापतो. पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन जन्मानंतर बंद करणारा जो लगाम असतो तो ढिला करतो, आणि ते जुने हिमोग्लोबिन पुन्हा वाहू लागल्याने पेशी वाकायच्या थांबतात. म्हणजे शास्त्रज्ञांनी चूक शोधण्याऐवजी वेदना कशी थांबेल हा प्रश्न विचारला, आणि तो प्रश्न विचारल्यावरच ही वाट दिसली. त्याची किंमत अमेरिकेत २२ लाख डॉलर, आणि त्याआधी अस्थिमज्जा रिकामी करण्यासाठी तीव्र रसायने घ्यावी लागतात, ज्यांनी मूल होण्याची क्षमताही जाऊ शकते. वेदनामुक्ती मोठी की अपत्य मोठे, याचे उत्तर कात्रीला विचारून उपयोग नाही. कर्करोगातही तसेच. मुंबईच्या आयआयटीत आणि टाटा स्मारक रुग्णालयात घडलेल्या, २०२३ साली मंजुरी मिळालेल्या कार-टी उपचारात रुग्णाच्याच पेशींना सीडी१९ ही खूण ओळखायला शिकवतात. ही खूण कर्करोगाच्या बी पेशींवर असते आणि निरोगी बी पेशींवरही. एका अटीवर चालणारे यंत्र दोघींत फरक करू शकत नाही. निरोगी बी पेशींवाचून माणूस निभावून नेऊ शकतो, असा हिशेब करून ती हानी पत्करली गेली. दोन-दोन अटी लावणाऱ्या पेशी बनवण्याची खटपट जगभर चालली आहे ती यासाठीच. पण अटी दोन केल्या काय आणि दहा केल्या काय, कोणती हानी सोसण्याजोगी हे वाक्य अटींच्या बाहेरच राहते.

आता खरा कठीण आक्षेप. डॉक्टरचा मेंदू तरी काय आहे? तोही रेणूंचाच. सोडियम इतके आत आले तर मज्जापेशी पेटते, नाही तर नाही. अशा अब्जावधी सांडव्यांचा मिळून डॉक्टर होतो. मग नळीतल्या यंत्राला निर्णयाचा हक्क नाकारून डॉक्टरला तो देणे म्हणजे आत्म्यालाच मागच्या दाराने आत घेणे झाले. आणि बौद्ध विचाराला तर हे मुळीच परवडणारे नाही, कारण प्रतीत्यसमुत्पाद सांगतो तो हाच: हे असेल तर ते होते, हे नसेल तर ते होत नाही, आणि या साखळीच्या मागे बसलेला कोणी स्वतंत्र कर्ता नाही. कोलू पाटीलही कारणांचाच बनलेला होता. हा आक्षेप मी मोडून काढू शकत नाही, आणि मोडायची गरजही वाटत नाही. कारण मिलिंदपञ्ह या बौद्ध ग्रंथात नागसेन भिक्षूने याला दिलेले उत्तर अजून टिकून आहे. आंब्याची चोरी करणारा म्हणतो, मी चोरलेले आंबे याने लावलेलेच नाहीत. याने लावली ती कोय वेगळी होती. राजा मिलिंदालाही कबूल करावे लागते की हा बचाव चालणार नाही, कारण ते आंबे त्या कोयीपासूनच आले. न बदलणारा आत्मा नसला तरी जबाबदारी वाहत राहते. ती सांधलेल्या कारणांवरून चालत येते. मग जबाबदार कोण, याची कसोटी आत कोण बसला आहे ही नसून कोणाला विचारता येते ही आहे. डॉक्टरला ‘का’ विचारता येते, तो कारण देऊ शकतो, कारण चुकीचे निघाले तर मत बदलू शकतो, लाजू शकतो. पिंपाला दोन किल्ल्या सापडल्या आणि ते उघडले. त्याला ‘का’ विचारले तर त्याच्यापाशी किल्ल्यांखेरीज सांगण्यासारखे काही नाही. दोन्ही रेणूंचेच असोत. मराठीत आपण जबाबदाराला उत्तरदायी म्हणतो, आणि या शब्दात लागणारे सगळे तत्त्वज्ञान आधीच भरलेले आहे.

कोणी म्हणेल, हे आजचे झाले. उद्याचा रेणू स्वतः शिकेल, उंची स्वतःच ठरवेल. हे हवेतले नाही. २०१८ साली कॅलिफोर्नियात लुलू चियान यांच्या प्रयोगशाळेत डीएनएच्या धाग्यांचे असे जाळे बनले की हाताने लिहिलेले आकडे, १ पासून ९ पर्यंत, ते नळीतच वेगळे ओळखू शके. पण शिकणारे यंत्र उदाहरणांवरून शिकते, आणि उदाहरणे कोणाची घ्यायची हे पुन्हा बाहेरच ठरते. सिकलचेच पाहा. भारतात आणि अरबी प्रदेशात या अक्षराचे जे घराणे आढळते त्यात मोठेपणीही बाळपणीच्या हिमोग्लोबिनचे प्रमाण आफ्रिकी घराण्यांपेक्षा जास्त राहते, आणि आजार पुष्कळदा सौम्य असतो. विदर्भात तो नेहमी सौम्य असतोच असे मात्र नाही. दुसऱ्या खंडातल्या रक्तावर शिकलेल्या यंत्राने देवरीच्या मुलीच्या रक्ताकडे पाहून ‘हिला फारसे काही नाही’ म्हटले, तर यंत्र आपल्या परीने बरोबरच असेल. शिकवणाऱ्याने गोंदियाची कोय पेरलीच नव्हती.

आणखी एक आक्षेप आहे, आणि तो गोंदियातल्या माणसाचा असेल. धानाच्या जिल्ह्यात, जिथे वेदना उठली की मुलाला जवळच्या दवाखान्यापर्यंत नेण्याचीच मारामार, तिथे रेणूंची पिंपे आणि कुलुपे यांवर तत्त्वचर्चा करणे म्हणजे पोट भरलेल्यांचा उद्योग. हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या नियमित मिळणे आणि जन्मतःच तपासणी होणे हेच खरे काम नाही का? काम तेच आहे, यात शंका नाही. नागपुरात सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाचे संपत रामटेके यांनी हेच काम लावून धरले, आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली ती रुग्णांच्या हक्कांच्या या लढ्याबद्दल. पण ‘जर-तर’ तिथेही आहे, आणि तपासणी जसजशी गावात पोचते तसतसे ते माणसांच्या घरात शिरते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाने ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे लक्ष्य ठेवले आहे. तपासले की हातात कार्ड येते, आणि समुपदेशक सांगतो: दोन वाहकांनी एकमेकांशी लग्न करण्यापूर्वी विचार करा. हा सल्ला योग्यच आहे. पण गावात सल्ल्याचा हुकूम व्हायला वेळ लागत नाही. ‘विचार करा’ याचे ‘करू नका’ होते, मग ‘हिचे कार्ड दाखवा’ होते, मग मुलीचे लग्न अडेल म्हणून तपासणीच टाळली जाते. कागदाचे एक कार्ड, आणि त्याने डीएनएच्या पिंपाइतकाच निर्णय घेतल्याचे भासते.

गोंडांपाशी सोयरिकीचे असे एक गणित फार पूर्वीपासून आहे. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे सगे, आणि एका सग्यातल्यांनी आपसात लग्न करायचे नाही, ते भाऊबंद. सालेकसा तालुक्यातल्या दरेकशाजवळच्या कचारगडच्या गुहेत कोंडलेल्या कली कंकाली मातेच्या लेकरांना गोंडांचा धर्मगुरू पहांदी पारी कुपार लिंगो याने सोडवले आणि ही व्यवस्था घालून दिली, अशी श्रद्धा आहे. माघ पौर्णिमेला कित्येक राज्यांतले गोंड तिथे येतात. विज्ञानाच्या मापाने पाहिले तर सग्यांचा हा नियम सिकल अडवू शकत नाही, कारण हे अक्षर एका सग्यापुरते नसून सगळ्यांत पसरलेले आहे. सहा देवेवाला वाहक आणि सात देवेवाली वाहक यांची सोयरीक नियमात अगदी चोख बसते. कार्ड या बाबतीत जास्त शहाणे आहे. पण एक गोष्ट सग्यांच्या नियमापाशी आहे आणि कार्डापाशी नाही. तो नियम कोणाचा, हे विचारले तर उत्तर आहे. तो लिंगोचा आहे, तो का घातला याची गोष्ट आहे, आणि ती गोष्ट दरवर्षी त्या गुहेशी जाऊन पुन्हा ऐकता येते, तिच्यावर भांडताही येते. श्रद्धेचा हा उपयोग आपण कमी लेखतो. देव चमत्कार करतो की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला तरी नियमाला नाव-गाव असणे, त्याच्या कर्त्याचे ठाणे डोंगरावर सगळ्यांना दिसेल असे असणे, ही लहान गोष्ट नाही.

दिल्लीच्या जनुकशास्त्र आणि एकात्म जीवशास्त्र संस्थेत देबोज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांनी २०२० साली कोविडसाठी जी कागदी पट्टीची चाचणी आणली तिचे मूळ काम सिकल ओळखण्यासाठी सुरू झाले होते; एका अक्षराचा फरक पकडणारे ते तंत्र. तिचे नाव त्यांनी सत्यजित राय यांच्या गुप्तहेरावरून फेलुदा ठेवले. त्याच संस्थेतून नोव्हेंबर २०२५ मध्ये सिकलवरचा देशी क्रिस्पर उपचार जाहीर झाला आणि तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले. त्याचे नाव बिरसा १०१. गुप्तहेराचे नाव लावले तेव्हा कोणावर काही बंधन आले नाही. बिरसा मुंडांचे नाव मात्र तसे फुकट मिळत नाही. जंगल आणि जमीन कोणाची हे बाहेरून येऊन कोणी ठरवू नये, यासाठी त्या माणसाने पंचविशीत प्राण दिले. त्यांच्या नावाच्या औषधाची रेघ कुठे आखायची, कोणत्या वयाच्या कोणत्या रुग्णाला आधी, मूल होण्याची क्षमता जाण्याचा धोका कोणाला कोणत्या भाषेत सांगायचा, चार दिवसांनी काही बिघडले तर दरेकशात कोण येऊन उभे राहणार, हे ज्यांच्या रक्तात ते अक्षर आहे त्यांना वगळून ठरले तर ते नाव औषधाला शोभणार नाही.

यावर सर्वांत व्यावहारिक शंका अशी की कोणाच्या देहातला प्रश्न चारचौघांत कसा आणायचा. रक्त ही खाजगी बाब आहे, आणि मुलींचे हाल पाहता ती खाजगीच राहायला हवी. ती राहायलाच हवी. पण इथे दोन प्रश्न एकात एक मिसळले आहेत. अमक्याच्या रक्तात काय आहे हा एक प्रश्न, तो त्याचा आणि त्याच्या डॉक्टरचा. उपचाराच्या अटी काय असाव्यात हा दुसरा, तो सगळ्यांचा. देवरी तालुक्यात २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या गावांत तेंदूपत्त्याचा व्यवहार ग्रामसभा ठरवते. कोणाच्या घरात पानांचे किती मुडके जमले याची चौकशी करण्याची तिला गरज पडत नाही, भाव आणि अटी काय असाव्यात यावर मात्र रात्र रात्र वाद होतो. सांडव्याचेही तसेच होते. दुष्काळात गावकरी त्यावर मातीची पोती रचून पाणी हातभर जास्त अडवत, आणि वरच्या बांधीवाला ओरडला की पुन्हा काढत. अस्थिमज्जेत एकदा कापलेले अक्षर असे पोती काढून मोकळे करता येत नाही. तेव्हा ओरडणाऱ्याला रेघ आखली जाण्याआधीच बोलावले पाहिजे, आणि त्याच्याशी त्याला कळेल अशा गोंडीत, पोवारीत, झाडीबोलीत बोलणारा माणूस तिथे हजर हवा.